वाऱ्याचा पंचनामा

१० ऑगस्ट २०२० रोजी दुपारी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स या शहरावर ताशी १४० मैलांचा, म्हणजे सुमारे २२५ किलोमीटरचा वारा आदळला, अशी तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेची नोंद आहे. हा आकडा कुठल्याही यंत्राने दाखवलेला नाही. वादळ ओसरल्यावर हवामान सेवेची माणसं शहरभर फिरली आणि नैर्ऋत्येकडच्या एका अपार्टमेंट संकुलापाशी थांबली. छप्पर कुठून उचकटलं, बाहेरची कोणती भिंत उभी राहिली नि कोणती गेली, हे त्यांनी पाहिलं आणि तिथून उलटा हिशेब करत ती त्या आकड्यापर्यंत पोहोचली. आपल्याकडे तलाठी येतो, पडलेलं घर बघतो, पंचांच्या सह्या घेतो. हा प्रकार तसाच. इथे पंचनामा मात्र घराचा नव्हता, वाऱ्याचा होता.

पावसाचं पाणी साचतं, भूकंप कागदावर रेघ ओढून जातो. वारा गेला की गेला. वारा मोजणारी यंत्रं मुळात मोजकी, त्यात ऐन वादळात वीज तरी जाते नाहीतर यंत्राचा खांबच आडवा होतो. त्या दिवशी जवळच्या अॅटकिन्स गावातल्या एका खासगी केंद्राने ताशी १२६ मैलांची नोंद केली. त्यापुढचं सगळं पडलेल्या वस्तूंनाच विचारावं लागलं. अशा वादळांबद्दल माणसाला जे काही ठाऊक आहे, ते गेली जवळजवळ दीडशे वर्षं असंच मोडक्यातोडक्याकडून जमवलेलं आहे.

आधी वादळाची हकिगत. सकाळी साउथ डकोटा आणि नेब्रास्काच्या सीमेजवळ मेघगर्जनेची काही वादळं उठली आणि एकमेकांत मिसळली. अकराच्या सुमारास ती फळी आयोवाची राजधानी डे मॉइन्सवर होती, साडेबाराच्या आसपास सीडर रॅपिड्सवर, चारच्या सुमारास शिकागोवर. पुढे इंडियाना, मिशिगन करत ओहायोत ती विझली. १४ तासांत ७७० मैल, म्हणजे सुमारे १२४० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला विमान जितकं अंतर कापतं त्याहून हे थोडं जास्तच, आणि सरासरी वेग पाहिला तर महामार्गावरच्या गाडीचा. चार माणसं गेली. नुकसान ११०० कोटी डॉलरच्या घरात गेलं. अमेरिकेच्या नोंदींत मेघगर्जनेच्या एका वादळाने याहून मोठा खड्डा कधी पाडलेला नाही.

या जातीच्या वादळाला डेरेचो म्हणतात. शब्द स्पॅनिश आहे, अर्थ ‘सरळ’. आपल्या भाषेत मोठं वादळ म्हटलं की ते गरगरतंच: चक्रीवादळ, वावटळ, भोवरा. सरळ अंगावर येणाऱ्या वाऱ्याला आपण फार तर ‘सोसाट्याचा’ म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. अमेरिकेतही तेच होत होतं. पडझड झाली की लोक सरसकट ‘टोर्नेडो’ म्हणून मोकळे होत. हे ज्यांना खटकलं ते गृहस्थ आयोवा सिटीच्या विद्यापीठात शिकवत होते. दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमासाठी ज्या गावी जाऊन राहिले, तेच हे आयोवा सिटी. मराठी वाचकाने या राज्याचं नाव ऐकलेलं असतं ते बहुधा त्यामुळेच.

गुस्टाव हिनरिक्स हे त्या प्राध्यापकांचं नाव. डेन्मार्कच्या अमलाखालच्या होल्श्टाइनमध्ये जन्मलेला, १८६१ साली अमेरिकेत आलेला हा माणूस एका विषयात मावणारा नव्हता. मेंडेलिएव्हच्या कोष्टकाआधी दोन वर्षं, १८६७ साली, त्यांनी मूलद्रव्यांची एक सर्पिलाकार मांडणी केली होती. १८७५ साली त्यांनी आयोवात राज्यापुरती हवामान सेवा सुरू केली. गावोगावचे हौशी निरीक्षक पत्रं पाठवायचे: वारा किती वाजता आला, कुठल्या दिशेने, काय पाडलं. ३१ जुलै १८७७ रोजी एक मोठं वादळ राज्यभर फिरलं. हिनरिक्सनी ती सगळी टिपणं नकाशावर मांडली, तेव्हा दिसलं की हा वारा एका रुंद आघाडीने, एकाच दिशेने पुढे सरकला होता. गरगरणाऱ्या वाऱ्यात वस्तू आडव्यातिडव्या, एकमेकांवर फेकल्या जातात. इथे मात्र सरळ लोटल्याची खूण होती. १८८८ साली अमेरिकन मीटिअरॉलॉजिकल जर्नलमधल्या लेखात त्यांनी या वाऱ्याला ‘डेरेचो’ हे नाव दिलं.

ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. हिनरिक्सचं विद्यापीठाशी त्याआधीच फाटलं होतं, त्यांना ते सोडावं लागलं होतं आणि शब्दही त्यांच्याबरोबर अडगळीत गेला. रॉबर्ट जॉन्स आणि विल्यम हर्ट या दोन हवामानतज्ज्ञांनी तो १९८७ साली बाहेर काढून घासूनपुसून पुन्हा वापरात आणला. म्हणजे जवळपास शंभर वर्षं या वाऱ्याला नावच नव्हतं म्हणा ना.

दरम्यान शिकागो विद्यापीठात तेत्सुया फुजिता हे जपानी शास्त्रज्ञ पडलेली झाडं वाचत होते. तरुणपणी अणुबाँबनंतरच्या जपानी शहरांची पाहणी करताना त्यांनी एक आकृती पाहिली होती: मध्यबिंदूपासून सगळ्या बाजूंना, ताऱ्याच्या किरणांसारखी पसरून पडलेली झाडं. १९७४ साली टोर्नेडोंच्या एका मोठ्या मालिकेनंतर विमानातून जंगलाची पाहणी करताना तीच आकृती त्यांना पुन्हा दिसली. टोर्नेडोचा भोवरा अशी रांगोळी काढत नाही. मग वरून काहीतरी खाली आदळून चौफेर फाकलं असलं पाहिजे. ढगातून खाली कोसळणाऱ्या या झोताला त्यांनी डाउनबर्स्ट म्हटलं. सुरुवातीला अनेकांनी नाकं मुरडली; पुढे विमान अपघातांच्या तपासात हाच झोत गुन्हेगार ठरला आणि विमानतळांवर त्याचा माग काढणारी रडार बसली.

हा झोत आपण सगळ्यांनी अंगावर घेतलेला आहे. एप्रिल-मेच्या दुपारी आभाळ काळवंडतं, झाडाचं पानही हलत नाही आणि एकाएकी गार वाऱ्याचा लोंढा येतो. अंगणातली वाळवणं उडतात, दारं आपटतात, मग थेंब पडू लागतात. वळवाचा पाऊस यायच्या आधी येणारा तो गार वारा म्हणजे ढगातून खाली आलेली हवाच. पाऊस पडता पडता त्याचे थेंब कोरड्या हवेत विरतात, विरताना हवेतली उष्णता खेचून घेतात, हवा गार होते, जड होते आणि खाली कोसळते. जमिनीला टेकली की तिला पसरण्याशिवाय वाट नसते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर प्रचंड होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला, तोही असाच वळवाच्या ढगातून सुटलेला वारा. होर्डिंग पडलं त्यात माणसांच्या चुका होत्या हे वेगळं. बंगालची कालबैशाखी तर डेरेचोच्या अगदी जवळच्या कुळातली.

मग आपला वळीव वीस मिनिटांत गप्प का होतो आणि ते वादळ १४ तास कसं चालतं? गार हवेचा लोंढा पुढे सरकताना पाचरीसारखा समोरच्या उष्ण, दमट हवेखाली शिरतो आणि तिला वर ढकलतो. वर गेलेल्या हवेतून नवा ढग, नव्या ढगातून नवा पाऊस, त्यातून आणखी गार हवा. समोर दमट हवेचा साठा असेपर्यंत हे रहाटगाडगं फिरत राहतं. ऑगस्टमधल्या आयोवात तो साठा कुठून येतो? थोडा मेक्सिकोच्या आखातातून, थोडा चक्क शेतांतून. लाखो एकरांवरचा माणसापेक्षा उंच मका दिवसभर पानांतून वाफ सोडत असतो. त्या भागातले लोक त्याला मक्याचा घाम म्हणतात. जोडीला मागच्या बाजूने, काही किलोमीटर उंचीवरून, वाऱ्याचा एक जोरकस प्रवाह वादळात घुसतो आणि खाली उतरतो. त्याच्या रेट्याने वादळाची फळी मधोमध पुढे फुगते. रडारच्या पडद्यावर ती ताणलेल्या धनुष्यासारखी दिसते, आणि धनुष्याच्या पोटाशी जे गाव येईल त्याची धडगत नसते. त्या दुपारी ते गाव सीडर रॅपिड्स होतं. तिथे हा मारा पाऊण तासाच्या आसपास चालला. टोर्नेडो घरावरून जातो तो मिनिटा-दोन मिनिटांत. पाऊण तास म्हणजे आधी कौलं, मग छप्पर, मग उघड्या पडलेल्या छपरातून आत पाऊस, असं सावकाशीने सगळं व्हायला पुरेसा वेळ.

आदल्या रात्रीच्या अंदाजात हे नव्हतं. पश्चिम आयोवात त्या उन्हाळ्यात दुष्काळ होता. शेतकरी पावसाची वाटच पाहत होते. वादळ सुटल्यावर तासातासाला इशारे चढत गेले, पण ते होते ‘मेघगर्जनेच्या तीव्र वादळा’चे. असे इशारे तिथे उन्हाळाभर येतात. टोर्नेडोच्या इशाऱ्याला लोकांचे फोन किंचाळून उठत, या इशाऱ्याला उठत नसत. वारा सरळ होता म्हणून त्याचं भय कमी, असा काहीसा उरफाटा न्याय. २०२१च्या ऑगस्टपासून तो बदलला: ताशी ८० मैल किंवा त्याहून जास्त वाऱ्याचा अंदाज असेल तर ‘विध्वंसक’ असा शिक्का मारून तो इशाराही थेट फोनवर जातो.

आता त्या २२५ किलोमीटरच्या आकड्याकडे पुन्हा येऊ. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी शंभर किलोमीटरचा वारा आपल्याला पुरेसा भीतिदायक. हा त्याच्या पाचपट रेटा. दर चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलो. घराच्या साध्या एका दारावर अर्ध्या टनाच्या आसपास वजन टेकल्यासारखं. ते सोसायचं की नाही, हे प्रत्येक वस्तूने आपल्या घडणीप्रमाणे ठरवलं.

धान्याच्या कोठ्यांचं उदाहरण घ्या. आयोवात शेताच्या कडेला पन्हळी पत्र्याच्या प्रचंड गोल कोठ्या असतात, आपली कणगीच, फक्त काही मजले उंच. कोठी आतल्या दाण्याचा बाहेर येणारा दाब पेलायला घडवलेली असते. दाणा पत्र्याला बाहेर ढकलतो, पत्रा चौफेर ताणला जातो, आणि ताण सोसण्यात पोलादाचा हात कुणी धरू शकत नाही. पण रिकाम्या कोठीला बाहेरून ढकललं की तोच पातळ पत्रा आत दबतो. एकदा एक घडी पडली की बाकीचं काम वारा करतो. ऑगस्टमध्ये जुना मका विकून झालेला आणि नवा अजून शेतात, म्हणजे बऱ्याच कोठ्या रिकाम्या. चुरगळून फेकलेल्या थंड पेयाच्या डब्यांसारख्या त्या दिसत होत्या. काही तर उखडून रस्त्यापलीकडे जाऊन पडल्या. राज्याच्या अंदाजाने ५ कोटी ७० लाख बुशेलची साठवण मोडली किंवा नष्ट झाली. एका बुशेलमध्ये साधारण २५.४ किलो मका धरला तर हे साडेचौदा लाख टनांच्या आसपास जातं. कापणी दीड महिन्यावर आलेली असताना.

मक्याचं दुखणं आणखी बारकाव्याचं आहे. ताटाच्या बुडाशी, जमिनीच्या जरा वर, जाड आधारमुळांचं वेटोळं असतं. तंबूच्या दोऱ्यांसारखी ती चारी बाजूंनी मातीत शिरलेली असतात. जूनच्या अखेरीस वाऱ्याने पीक लोळवलं तर ताट वाढत्या अंगाचं असतं. दोन-चार दिवसांत ते बगळ्याच्या मानेसारखी बाक घेत पुन्हा उभं राहतं. ऑगस्टमध्ये मात्र कणसात दाणा भरत असतो, ताटाची वाढ संपलेली असते. तेव्हा पडलेलं उठत नाही. कुठे ताटं पेरातून कटकन मोडली, कुठे मुळांसकट कलंडली, आणि उपग्रहाच्या चित्रात गर्द हिरव्या राज्याच्या मधोमध फिका पट्टा उमटला. पट्टा इतका स्पष्ट, की वादळाचा रस्ता कुणीही बोटाने दाखवावा.

कलंडलेल्या शेतात अन्नपाणी थोडंफार चालू राहतं, म्हणून पुष्कळांनी वाट पाहिली. आता विमा कंपनीचा माणूस येईपर्यंत शेताला हात लावता येत नाही, हे दुखणं मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. कापणी करायची तर यंत्र एकाच बाजूने, पीक ज्या दिशेला झुकलंय त्याच्या उलट घालायचं, रिकामं परत आणायचं, पुन्हा घालायचं, चालण्याच्या वेगाने. शेवटी आयोवात साडेआठ लाख एकरांवरचं पीक कापलंच गेलं नाही. अनेकांनी ते नांगराने मातीत घातलं. पुढच्या वसंतात तिथे सोयाबीन पेरलं, आणि गाडलेली कणसं सोयाबीनच्या ओळींतून हिरवी होऊन वर आली. तण म्हणून ती काढायला पुन्हा खर्च.

शहराची गोष्ट झाडांची आहे. सीडर रॅपिड्स हे सव्वा लाखाहून थोड्या जास्त वस्तीचं, ओट्सच्या कारखान्याच्या वासाचं गाव. २००८ साली सीडर नदी ३१ फुटांवर गेली होती आणि शहराचा मध्यभाग पाण्यात होता. तेव्हा आपत्ती म्हणजे काय हे तिथल्या लोकांना नव्याने शिकायचं नव्हतं. पण पुराने नदीकाठचे लोक बुडवले होते. वाऱ्याने कुणालाच वगळलं नाही. ऑगस्टमधलं पानांनी भरलेलं झाड म्हणजे शीड उभारलेलं जहाज. हे जहाज दोनच तऱ्हांनी जातं: एकतर खोड मोडतं, नाहीतर मुळांची आख्खी थाळी मातीसकट उचलली जाते आणि पदपथाच्या फरशा, पाण्याचा नळ, जे काही मुळांत गुंतलेलं असेल ते सोबत येतं. शहराने नंतर मोजदाद केली: सुमारे ६ लाख ६९ हजार झाडं गेली. शहरावरच्या सावलीचा निम्म्याहून जास्त भाग एका दुपारी नाहीसा झाला.

ही झाडं तारांवर पडली, तारांनी खांब ओढले. जवळजवळ सगळं शहर अंधारात गेलं आणि काही घरांत वीज यायला दोन आठवडे लागले. मोबाइलचे मनोरे गप्प झाले. करोनाचा काळ, ज्यांचं काम घरून चालत होतं त्यांचं तेही बंद. लोक गाडीत बसून रेडिओ ऐकायचे आणि त्याच गाडीवर फोन चार्ज करायचे. पेट्रोलच्या रांगा, वितळत चाललेले फ्रीजर, दिवसभर करवतींची घरघर आणि रात्री जनरेटरची. शहरात काँगो, मायक्रोनेशियासारख्या ठिकाणांहून आलेली निर्वासित आणि स्थलांतरित कुटुंबं भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होती. त्यांची छपरं गेल्यावर त्यांतली काही इमारतींसमोरच्या गवतावर तंबू ठोकून राहिली. बाकी देशाचं लक्ष करोनाकडे आणि निवडणुकीकडे होतं. समुद्री वादळाला नाव असतं, ते येतंय येतंय म्हणून चार दिवस टीव्हीवर चालतं. हे बिननावाचं, जेवणाच्या वेळी आलं आणि गेलं. आपल्याला देशात कुणी विचारत नाही, ही आयोवातली तक्रार तेव्हा अगदी रास्त होती.

एक वेगळा बळीही पडला. शहराजवळ पेलो इथे राज्यातली एकुलती एक अणुभट्टी होती, ड्वेन अर्नल्ड नावाची. ती त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर निवृत्त व्हायची होती. वादळात बाहेरची वीज तुटली, डिझेल जनरेटरांनी आपलं काम चोख केलं, अणुभट्टीला धोका झाला नाही. पण पाणी थंड करणारे मनोरे कोसळले. अडीच महिन्यांसाठी ते कोण उभारणार? भट्टी तशीच बंद झाली. पुढे २०२५ साली गूगलच्या विजेच्या भुकेपायी तीच भट्टी पुन्हा पेटवायचं ठरलं.

झाडांच्या बाबतीत असा शॉर्टकट नाही. शहराने नगररचनाकार जेफ स्पेक यांना घेऊन आराखडा केला: दहा वर्षं, ३ कोटी ७० लाख डॉलर, रस्त्यांच्या कडेला आणि बागांमध्ये नवी लागवड. एकाच जातीची रांगच्या रांग लावायची नाही, यावर त्यात भर आहे. अमेरिकेतल्या गावांनी आधी रस्तोरस्ती एल्म लावले आणि एका बुरशीने ते खाल्ले. त्या जागी अॅश लावले आणि ते एका हिरव्या भुंग्याने पोखरले. दोनदा ठेच लागल्यावरचं हे शहाणपण. काही घरमालकांनी उरलेले बुंधे उपटले नाहीत, करवतीने कोरून त्यांचे गरुड नि घुबडं करून घेतली. रस्त्यांवरून उचललेल्या लाकडाचे डोंगर यंत्रांनी चुरा करून संपवले.

गावाबाहेरच्या रानात मात्र कुणी साफसफाई करायला गेलं नाही. तिथली खोडं पडली तशीच कुजताहेत, त्यांच्यावर शेवाळ आणि छत्र्या आल्या आहेत, मधून नवी रोपं वर निघाली आहेत. बहुतेक खोडांचे शेंडे एकाच बाजूला आहेत, पूर्वेला.